व्हॉइस ऑफ अमेरिकाचे ‘लर्निंग इंग्लिश’: शब्दकोश बाजूला ठेवून वाचता येणारे इंग्रजी

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा आणि उतारा वाचून समजून घेण्याची सवय लावायची, या दोन गोष्टींसाठी मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सहसा दोन टोकांची साधने पडतात. एका टोकाला शब्दांच्या याद्या असतात, ज्यांत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ छापलेला असतो. दुसऱ्या टोकाला इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख असतो, आणि तो रोज वाचत जा, असा सल्ला प्रत्येक अभ्यासिकेत मिळतो. यादी पाठ होते, पण तोच शब्द वाक्यात आला की ओळखू येत नाही. आणि अग्रलेखाचा पहिला परिच्छेद संपायच्या आत शब्दकोश इतक्या वेळा उघडावा लागतो की लेखकाला काय म्हणायचे आहे, ते हातून निसटते. मधला मोठा पट्टा रिकामाच राहतो. तो भरून काढणाऱ्या मोफत साधनांपैकी मला सर्वांत उपयोगी वाटलेले साधन म्हणजे व्हॉइस ऑफ अमेरिकाचे ‘लर्निंग इंग्लिश’ हे संकेतस्थळ. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि तेथील लेख वर्गात तसेच स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांबरोबर वापरत आले आहे. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

हा उपक्रम मुळात रेडिओचा. व्हॉइस ऑफ अमेरिका ही अमेरिकी सरकारच्या खर्चाने चालणारी प्रसारण संस्था १९४२ मध्ये सुरू झाली आणि १९ ऑक्टोबर १९५९ रोजी तिने ‘स्पेशल इंग्लिश’ या नावाने एक वेगळे प्रसारण सुरू केले. ऐकणारा माणूस इंग्रजी थोडेफार जाणणारा आणि आवाज लघुलहरींवरून खरखरत येणारा, हे गृहीत धरून बातमी कशी लिहावी आणि कशी वाचावी याचे नियम तेव्हा ठरवले गेले. शब्दांचा मूळ साठा सुमारे १५०० इतकाच ठेवायचा, एका वाक्यात एकच विचार मांडायचा, शक्यतो कर्तरी प्रयोग करायचा, वाक्प्रचार टाळायचे आणि वाचनाचा वेग नेहमीच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश राखायचा, असे ते नियम होते. पुढे ‘लर्निंग इंग्लिश’ हे नाव आले, मजकूर तीन पायऱ्यांत विभागला गेला, चित्रफिती आणि व्याकरणाचे धडे जोडले गेले आणि शब्दांची मर्यादाही काहीशी सैल झाली. तरी मधल्या पायरीवरचा कोणताही लेख उघडला, तर ती जुनी शिस्त आजही जाणवते, आणि या साधनाचे सगळे मोल मला त्या शिस्तीत दिसते.

शब्दांवर असा लगाम ठेवण्याने नेमके काय साधते, याचे उत्तर शोधणारा एक महत्त्वाचा माणूस आपल्याच उपखंडात काम करत होता. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, आणि वर्गात लावलेल्या वाचनमाला त्यासाठी निकामी आहेत, कारण त्यांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि त्यांतले कित्येक शब्द पुन्हा कधी भेटतही नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी दुर्मीळ शब्दांच्या जागी प्रचलित शब्द घालून, नवे शब्द अंतराअंतराने पेरून वाचनमाला तयार केल्या. १९५३ मध्ये त्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेली सुमारे २००० सर्वोपयोगी इंग्रजी शब्दांची यादी आजही अभ्यासक आधाराला घेतात. पुढे न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी यांनी हा विचार मोजून पाहिला. कोणाच्याही मदतीशिवाय उतारा नीट समजायचा असेल, तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला आधीच ठाऊक असावे लागतात, असे त्यांचे अनुमान आहे. याचा अर्थ पन्नास शब्दांमागे एकच शब्द अनोळखी असावा. छापील ओळीत दहा शब्द धरले आणि प्रत्येक ओळीत एक शब्द अडला, तर ओळखीचे प्रमाण ९० टक्के होते. ते ऐकायला पुष्कळ वाटते, पण वाचनाला पुरत नाही. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी या हिशेबाने सहज वाचायची तर शब्दसंग्रह आठ ते नऊ हजार शब्दकुलांचा लागतो, आणि इथे शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द व त्याची सगळी रूपे. बारावी झालेल्या विद्यार्थ्याला अग्रलेख का झेपत नाही, याचे कारण त्याच्या आळसात किंवा बुद्धीत शोधण्याऐवजी या आकड्यांत शोधले, तर त्याच्यावरचा अन्याय तरी थांबेल.

‘लर्निंग इंग्लिश’चा साधारण लेख चार-पाच मिनिटांत वाचून होतो. वर ध्वनिमुद्रण असते, खाली तेच शब्द लिखित रूपात असतात आणि शेवटी या लेखात आलेले अवघड शब्द त्यांच्या अर्थासह दिलेले असतात. शब्द नाम आहे की क्रियापद, हेही सांगितलेले असते. अर्थ इंग्रजीतच, पण सोप्या इंग्रजीत असतो. पुष्कळ विद्यार्थ्यांना आरंभी याची अडचण वाटते आणि ते मराठी अर्थ मागतात. माझे मत असे झाले आहे की ही अडचण सोसण्यासारखी आहे, कारण व्याख्या वाचणे हेही वाचनच आहे. त्याहून मोठा गुण असा की त्या लेखात शब्द ज्या अर्थाने आला आहे, तेवढाच अर्थ तिथे दिलेला असतो. ‘बिल’ हा शब्द विजेच्या बिलामुळे सर्वांच्या ओळखीचा आहे, पण अमेरिकी काँग्रेसच्या बातमीत तो विधेयक या अर्थाने येतो. ‘हाउस’ म्हणजे घर हे पहिलीतल्या मुलाला माहीत असते, पण त्याच बातमीत ते प्रतिनिधिगृह असते. असे ओळखीचे वाटणारे शब्दच वाचकाला सर्वांत जास्त चकवतात, कारण अनोळखी शब्दापाशी तो निदान थांबतो, इथे तो थांबतही नाही. शब्दांची यादी पाठ करून ही अडचण सुटत नाही. शब्द वाक्यात, विषयाच्या संगतीत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. एकाच विषयावरचे अनेक लेख इथे सापडतात, त्यामुळे आरोग्यविषयक किंवा अंतराळविषयक लेख सलग वाचले की तेच शब्द आपोआप परत येतात, आणि ही पुनर्भेट घडवून आणण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

आता उणिवेकडे येते, आणि ती किरकोळ नाही. या लेखांत शब्दांची काळजी जेवढी घेतलेली आहे तेवढी वाक्याच्या चढणीची घेतलेली नाही. वाक्ये आखूड आहेत, आणि पहिल्या पायरीला ते योग्यच आहे. परंतु मराठी वाचकाला इंग्रजी उताऱ्यात जिथे खरोखर अडखळायला होते, ती जागा पुष्कळदा शब्दाची नसून रचनेची असते. मराठीत आपण ‘जो माणूस काल आला होता, तो माझा मामा’ असे म्हणतो, किंवा ‘काल आलेला माणूस’ म्हणून मोकळे होतो. विशेषण-वाक्य नामाच्या आधी येते आणि क्रियापद शेवटी येऊन वाक्य बंद करते. इंग्रजीत नाम आधी येते, मग त्याला ‘हू’ किंवा ‘विच’ने सुरू होणारे लांब शेपूट लागते आणि त्या शेपटाच्या पलीकडे कुठेतरी मुख्य क्रियापद असते. वाचकाची नजर शेपटातल्या क्रियापदालाच मुख्य क्रियापद समजते आणि उरलेले वाक्य त्याला निरर्थक वाटू लागते. ‘लर्निंग इंग्लिश’च्या मधल्या पायरीवर अशी वाक्ये तोडून दोन केलेली असतात, म्हणून ती वाचताना अडत नाहीत, पण न अडल्यामुळे सरावही होत नाही. वरच्या पायरीवर वाक्ये जरा लांबतात, तरी तिथून इंग्रजी दैनिकाच्या संपादकीय पानापर्यंतचे अंतर मोठेच राहते. केवळ याच साधनावर दोन वर्षे वाचन केलेला विद्यार्थी गुंतागुंतीच्या वाक्यासमोर तितकाच नवखा राहील, अशी मला भीती वाटते. म्हणून मधली पायरी अंगवळणी पडली की आठवड्यातून एखादा मूळ, न सोपा केलेला उतारा घेऊन त्यातली दोनच वाक्ये उलगडावीत, कर्ता कोण आणि मुख्य क्रियापद कोणते हे पेन्सिलीने खूण करून शोधावे, असे मी सुचवेन.

आकलनाच्या प्रश्नांच्या बाबतीतही या संकेतस्थळाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे लागेल. काही लेखांखाली बहुपर्यायी प्रश्न आहेत, पुष्कळ लेखांखाली नाहीत. जे आहेत ते बहुतांशी लेखात सरळ लिहिलेली माहिती विचारतात. लेखकाचा रोख काय, एखादे विधान लेखातून निघते की वाचकाने स्वतःच्या मनाचे जोडले, अशा प्रश्नांचे प्रमाण कमी आहे. परीक्षेत मात्र नेमके तेच विचारले जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील इंग्रजीची अनिवार्य प्रश्नपत्रिका ३०० गुणांची आहे. ती पात्रतेपुरती असली तरी तीत २५ टक्के गुण मिळाले नाहीत, तर बाकीच्या उत्तरपत्रिकांचे गुण धरले जात नाहीत, आणि तीत उताऱ्यावरील प्रश्न, सारांशलेखन व शब्दांचा वापर हे सगळे येते. या तयारीसाठी ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश’ या संकेतस्थळावरचा वाचन विभाग अधिक शिस्तीचा आहे. तिथे मजकूर भाषेची पातळी ठरवणाऱ्या युरोपीय मोजपट्टीच्या ए१ या सर्वांत प्राथमिक पातळीपासून पुढच्या पातळ्यांत मांडलेला आहे, उतारा वाचण्यापूर्वी शब्दांची तयारी करून घेणारा छोटा स्वाध्याय असतो आणि नंतर निरनिराळ्या प्रकारचे प्रश्न असतात. मात्र तिथल्या उताऱ्यांची संख्या मर्यादित आहे, आणि वाचनाची सवय लागायला मजकूर भरपूर लागतो. तेव्हा रोजच्या वाचनाला अमेरिकी साठा आणि प्रश्नांच्या सरावाला ब्रिटिश कौन्सिल, अशी वाटणी मला योग्य वाटते.

ध्वनिमुद्रणाबद्दल माझ्या मनात निव्वळ कृतज्ञता आहे. शब्दांमधली अंतरे स्पष्ट, उच्चार पूर्ण आणि वाचणाऱ्याला कसलीही घाई नाही. आपल्याकडे कितीतरी मुलांना इंग्रजी शब्द डोळ्यांनी माहीत असतात, पण कानांनी कधी भेटलेले नसतात. स्पेलिंगवरून मनाने ठरवलेला उच्चार ते आयुष्यभर वापरतात आणि कोणी बरोबर उच्चार केला, तर तो शब्द ओळखतच नाहीत. मजकुरावर बोट ठेवून ध्वनिमुद्रण ऐकले की हा दुरावा हळूहळू मिटतो. आणखी एक लाभ असा की आवाज पुढे जात राहतो, त्यामुळे प्रत्येक शब्दाशी थांबून त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिण्याची सवय मोडते. उच्चार अमेरिकी आहेत आणि ‘कलर’, ‘सेंटर’ यांसारख्या शब्दांची स्पेलिंगही अमेरिकी आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रिटिश पद्धत चालते, एवढे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. ध्वनिमुद्रण उतरवून घेता येते, त्यामुळे जिथे इंटरनेटचा भरवसा नाही तिथेही ते चालते.

विषयांचा कल अर्थातच अमेरिकेकडे आहे. राष्ट्राध्यक्षांची चरित्रे, राष्ट्रीय उद्याने, अमेरिकेचा इतिहास, थँक्सगिव्हिंगचा सण, तिथल्या विद्यापीठांत प्रवेश कसा मिळवावा, असा मजकूर भरपूर आहे. परदेशी शिकायला जाऊ इच्छिणाऱ्यांना तो थेट उपयोगी पडेल. इतरांना विज्ञान, आरोग्य आणि शिक्षण या विभागांपासून आरंभ करणे सोयीचे जाईल, कारण तिथे विषय आधीपासून ओळखीचा असतो आणि ओळखीचा विषय अनोळखी शब्दाचा अर्थ लावायला मदत करतो. संस्था सरकारी खर्चाने चालणारी असल्यामुळे जागतिक राजकारणावरचे लेख वाचताना ते कोणी लिहिले आहेत याचे भान ठेवावे, आणि त्याच घटनेवरचा भारतीय दैनिकातील वृत्तान्तही पाहावा. दोन वृत्तान्तांत एकाच गोष्टीला कोणते वेगवेगळे शब्द वापरले आहेत हे पाहणे, हा आकलनाचा फार चांगला स्वाध्याय होतो. वरच्या पायरीवरील अमेरिकी कथांचा विभाग मला विशेष प्रिय आहे. ओ. हेन्री, जॅक लंडन, एडगर ॲलन पो यांच्या कथांची सोपी केलेली रूपे तिथे वाचायला आणि ऐकायला मिळतात. बातमी समजली की वाचक थांबतो; कथेत पुढे काय झाले हे कळण्यासाठी तो दोन-चार अनोळखी शब्द ओलांडून जातो, आणि ओलांडून जाण्याचे हे धाडस कोणत्याही शब्दार्थाच्या वहीतून येत नाही.

मी हे लेख ज्या क्रमाने वापरते तो असा आहे. प्रथम फक्त ऐकायचे, मजकूर पाहायचा नाही. मग मजकूर समोर ठेवून ऐकायचे. मग आवाजाशिवाय एकदा वाचायचे आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायची, पण अर्थ शोधायचा नाही. आधी अंदाज मराठीत मोठ्याने सांगायचा. त्यानंतर खालची शब्दसूची पाहायची. वहीत सुटा शब्द उतरवायचा नाही, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य पूर्ण उतरवायचे. शेवटी लेखाचा आशय तीन-चार वाक्यांत लिहायचा, आणि पहिले काही आठवडे तो मराठीत लिहिला तरी चालतो. या शेवटच्या मुद्द्यावर माझे सहकारी मतभेद दाखवतात आणि इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच लिहिले पाहिजे असे म्हणतात. पण इथे मला वाचन तपासायचे आहे, लेखन नव्हे. ज्याला इंग्रजी वाक्य नीट बांधता येत नाही त्याला आशय समजलाच नाही असे धरणे चुकीचे ठरते. मराठीत लिहिलेला आशय वाचला की विद्यार्थी कुठे चुकीच्या वाटेला लागला हे लगेच दिसते: बहुतेक वेळा एखादा ‘दो’ (though, म्हणजे ‘जरी’) किंवा ‘अनलेस’ (unless) नजरेतून सुटलेला असतो आणि संपूर्ण परिच्छेदाचा अर्थ उलटा झालेला असतो.

ज्याची अगदी प्राथमिक तयारीही झालेली नाही, त्याने लेखांच्या वाटेला न जाता याच संकेतस्थळावरील ‘लेट्स लर्न इंग्लिश’ ही ५२ धड्यांची चित्रफीत-मालिका आधी पाहावी. लहान मुलांसाठी मात्र मी हे साधन सुचवणार नाही. त्यांच्यासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचे २०१५ मध्ये सुरू झालेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ कितीतरी चांगले आहे, कारण तिथे चित्रकथा पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि पुष्कळ गोष्टी मराठीत तसेच इंग्रजीत मोफत वाचता येतात.

एक गोष्ट खेदाने सांगावी लागते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या १३०० हून अधिक कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवण्यात आले, प्रसारण थांबले आणि ‘लर्निंग इंग्लिश’वर नित्य येणाऱ्या नव्या लेखांचा ओघही त्याबरोबर आटला. साठ वर्षांहून अधिक काळ जगभरच्या गरीब-श्रीमंत विद्यार्थ्यांना कोणतेही शुल्क न घेता इंग्रजी शिकवणारा उपक्रम असा अडावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाषा शिकण्यासाठी मजकूर ताजाच असावा लागतो असे नाही, आणि बातम्यांचे विभाग सोडले तर जुन्या साठ्याची उपयुक्तता कमी झालेली नाही. पण त्या साठ्याचे पुढे काय होईल यावर विसंबून राहू नये, आणि ज्या शिक्षकांना किंवा अभ्यासिकांना तो वापरायचा आहे त्यांनी हवे ते लेख आणि ध्वनिमुद्रणे आताच उतरवून ठेवावीत. व्हॉइस ऑफ अमेरिकाने स्वतः तयार केलेला मजकूर स्वामित्वहक्कापासून मुक्त आहे, त्यामुळे त्याच्या प्रती काढून वर्गात वाटायला हरकत नाही. मात्र लेखाच्या शेवटी तो कोणी लिहिला हे दिलेले असते, ती ओळ आधी वाचावी; असोसिएटेड प्रेस किंवा रॉयटर्स या वृत्तसंस्थांच्या वृत्तावरून बेतलेले लेख आणि त्यांची छायाचित्रे या सवलतीत येत नाहीत, म्हणून छापील संच करताना ती वगळावीत.